दोन चमचे खोबरेल आणि डबीत राहिलेल्या गोळ्या

रविवारी सासूबाईंच्या डबीत कोलेस्टेरॉलच्या चार गोळ्या तशाच दिसल्या. विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. घरच्या ग्रुपवर भाऊजींनी ढकललेला मेसेज: अल्झायमर आनुवंशिक नसतो, चुकीच्या तेलाने होतो. पूर्वी नव्हताच. रोज दोन चमचे घाण्याचं खोबरेल घ्या, कोलेस्टेरॉलची गोळी सोडा, तीन महिन्यांत स्मरणशक्ती परत!

पूर्वी नव्हता? मग 'साठी बुद्धी नाठी' काय हवेतून आलं? म्हातारचळ म्हणायचे, एवढंच.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर एपीओई जनुकाच्या ई-४ प्रकाराचा या आजाराशी असलेला संबंध 1993 पासून माहीत आहे. एक प्रत असली तर धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर आठपट किंवा जास्त. तरीही ई-४ असलेल्या प्रत्येकाला अल्झायमर होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो.

आता खोबरेल. मेंदू साखरेऐवजी बऱ्याच अंशी कीटोनवर, म्हणजे शरीर चरबीपासून बनवतं त्या इंधनावर, चालू शकतो, हे खरं. मेसेज तेवढ्यावरच उभा आहे. पण ज्या चाचणीचा आधार घेतात, तिच्यात खोबरेल नव्हतंच. कीटोन वाढवणाऱ्या कॅप्रिलिक आम्लापासून बनवलेली भुकटी होती, आणि खोबरेलात ते आम्ल जेमतेम सात-आठ टक्के. 2009 साली छापलेल्या त्या चाचणीत 152 रुग्ण होते; फायदा दिसला तो ई-४ नसलेल्यांत, असलेल्यांत नाही. म्हणजे ज्या जनुकांना मेसेज उडवून लावतो, तीच त्याच्या पुराव्यात मधोमध बसलेली! पुढे त्याच आम्लाच्या भुकटीची 413 जणांवर मोठी चाचणी झाली. मुख्य मोजमाप ई-४ नसलेल्यांवरच ठेवलं होतं, तरी फरक पडला नाही. हे मात्र कुणी ढकलत नाही.

सगळ्यात संताप येतो तो गोळी सोडण्याच्या सल्ल्याचा. खोबरेलात संपृक्त मेद 80 टक्क्यांहून जास्त, तुपापेक्षाही अधिक. त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाच्या (अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या कारणांत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने घातलं. वर एपीओईचं प्रथिनही कोलेस्टेरॉलचीच ने-आण करतं. मेंदू वाचवायला निघालेला मेसेज नेमकी तीच गोळी सोडायला सांगतो!

खाण्याचा काहीच संबंध नाही असं नाही. फिनलंडमध्ये 1260 जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं. थोडा फायदा झाला, ई-४ असलेल्यांनाही. पण एवढं सगळं केल्यावर, चमच्याने नव्हे.

सासूबाईंना म्हटलं, "आई, मोदकात खोबरं घाला हवं तेवढं. गोळी मात्र आज माझ्यासमोर घ्यायची." घेतली. मग म्हणाल्या, "भाऊजींना तूच कळव, मी नाही."