केबलचा उशीर कुणी विसरलं नव्हतं! रेखांशाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी तारेने सिग्नल पाठवून जगाचे रेखांश काढले, पण समुद्राखालच्या केबलमधून सिग्नल पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्यामुळे ग्रीनविचची शून्य रेषा १०२ मीटर चुकली, ते जीपीएसने पकडलं, भारताचे नकाशे तर मुद्दाम चार किलोमीटर सरकवले, आणि उज्जैनची खरी रेषा दडपली. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. आता भाचीने तो जसाच्या तसा कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये घातलाय आणि वर मलाच विचारते, "मामा, आकडे तर जुळतात ना?" म्हणून लिहितोय.

आधी उशिराचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. अहो, ज्यांचं कामच सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशोब ठेवायचं होतं त्यांना हे सुचलं नसेल? अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेमधल्या (किनाऱ्याची मोजणी करणारं सरकारी खातं) सिअर्स वॉकरला १८४९ च्या सुमारासच, जमिनीवरच्या तारांवर काम करताना, सिग्नलला वेळ लागतो हे दिसलं होतं. पुढे १८६६ मध्ये अटलांटिक केबल नीट चालू झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन गूल्ड आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावर जाऊन बसला, पलीकडे उत्तर अमेरिकेच्या बाजूला न्यूफाउंडलंड बेटावर हार्ट्स कंटेंट गावात त्याचे सहकारी. दोघांनीही आधी दुर्बिणीतून तारे मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना बघून आपापली स्थानिक वेळ पक्की केली. मग दोन्हीकडच्या वेळा ताडून बघायला सिग्नल, कारण दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळेतला फरक म्हणजेच त्यांच्या रेखांशातला फरक. केबलमधून येणारा करंट इतका क्षीण की एका बारीक आरशावरून पडणारा उजेडाचा ठिपका जरासा सरकायचा, तो सरकला की माणसाने बटण दाबून वेळ नोंदवायची.

आणि सिग्नल दोन्ही बाजूंनी पाठवायचे! इथेच फॉरवर्ड संपतो. समजा दोन गावांच्या वेळेत खरा फरक बरोबर २ तास ५२ मिनिटं आहे (खरा आकडा याच्या जवळपासच आहे) आणि केबलला ०.३ सेकंद लागतात. पूर्वेकडून निघालेला सिग्नल पश्चिमेला उशिरा पोचतो, तिथलं घड्याळ तेवढं पुढे गेलेलं असतं, म्हणून फरक ०.३ सेकंदाने कमी दिसतो. पश्चिमेकडून पाठवला की तोच फरक ०.३ ने जास्त. दोन्हीची सरासरी काढा, उशीर गायब. शिवाय दोन आकड्यांतल्या तफावतीचं अर्धं केलं की केबलला किती वेळ लागतो ते फुकटात मिळतं. फॉरवर्डवाला जो "सेकंदाचा तिसरा हिस्सा" मिरवतोय तो गूल्डने याच रीतीने मोजला होता, सुमारे ०.३ सेकंद. म्हणजे ज्याने मोजला तोच विसरला असं म्हणायचंय!

हां, दोन्ही दिशांचा उशीर अगदी सारखा नसेल किंवा एका माणसाचा हात दुसऱ्यापेक्षा जरा हळू चालत असेल तर थोडी चूक उरते, हे मान्य. ती ओळखायला निरीक्षक जागा बदलून पुन्हा मोजायचे.

आता १०२ मीटर. भाची म्हणते तसे आकडे जुळतात खरे, ग्रीनविचच्या अक्षांशावर पृथ्वी ०.३५ सेकंदात तेवढीच सरकते. पण ग्रीनविचची शून्य रेषा तारेने *काढलेलीच नाही*. १८५१ पासून ग्रीनविच वेधशाळेचा प्रमुख जॉर्ज एअरी याची दुर्बीण जिथे उभी आहे तिथे शून्य मानलं, बस, त्यात कुठली केबल आली? २०१५ मध्ये जर्नल ऑफ जिओडेसीत स्टीफन मॅलिस आणि सहकाऱ्यांनी याचं कारण सविस्तर दिलंय, फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढा एक पेपर तरी बघावा. दुर्बिणीचा ओळंबा तिथल्या गुरुत्वाकर्षणामुळे किंचित तिरका पडतो, तर जीपीएस पृथ्वीच्या केंद्रापासून हिशोब करतं. दोन्हींचं 'सरळ वर' वेगळं असल्याने रेखांशात कोनाचे सुमारे पाच सेकंद फरक पडतो (हे घड्याळाचे सेकंद नव्हेत, एका अंशाचे ३६०० भाग), तोच जमिनीवर १०२ मीटर दिसतो.

भारताच्या नकाशांबद्दल अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. जुने रेखांश कोनाच्या सुमारे अडीच मिनिटांनी (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकलेले होते, मुंबईच्या अक्षांशावर चार किलोमीटरच्या वर. पण ते ज्या मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर बेतले होते तो आकडा तार येण्याआधीचा, चंद्राच्या वेधांवरून वगैरे काढलेला. चूक उघडी पडली ती तारेमुळे, १८७६-७७ मध्ये भारताच्या सर्व्हे खात्यातल्या कॅम्पबेल आणि हेव्हिसाइड या अधिकाऱ्यांनी सुवेझ-एडन-मुंबई केबलवरून मोजलं त्या कामामुळे. कळल्यावरही नकाशांवर बरीच वर्षं जुनाच आकडा राहिला हे खरं, पण सगळा देश एकाच बाजूला सारखाच सरकलेला असल्याने पुणे-मुंबई अंतरात काडीचाही फरक पडत नव्हता. यात कट कुठे आला?

उज्जैनवरून आपल्या ज्योतिषशास्त्राची मध्यरेषा जायची हे खरंच आहे, सूर्यसिद्धांतात आहे, कुणी दडपलेलं नाही, आणि त्याचा तारयंत्राशी काही संबंध नाही.