पाच हजार शाळा एका शेठजींनी बांधल्या नाहीत

‘अमेरिकेतल्या एका दानशूर उद्योगपतीने कृष्णवर्णीय मुलांसाठी एकट्याच्या खिशातून 5,000 शाळा बांधून दिल्या. 1954 साली वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या, मुलं चांगल्या शाळांत गेली आणि या शाळांचं काम संपलं. आता त्या पडक्या लाकडी खोल्यांची संग्रहालयं करण्यापेक्षा एक पाटी लावा आणि तो पैसा आजच्या मुलांवर खर्च करा.’ अशा आशयाची पोस्ट सगळीकडे फिरते आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण माहिती अर्धवट आहे आणि त्यामुळे ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांचं नावच पुसलं जातं.

‘एकट्याच्या खिशातून.’

हे उद्योगपती म्हणजे टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स, रोबक कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड. माणूस मोठ्या मनाचा होता, त्याबद्दल वाद नाही. पण कल्पना बुकर टी. वॉशिंग्टन यांची. दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे ते कृष्णवर्णीय प्रमुख. 1912 साली रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला दिलेल्या देणगीतली थोडी रक्कम उरली. तिच्यातून अलाबामात सहा लहान शाळा बांधू द्या, असं वॉशिंग्टन यांनी सुचवलं. आपली कंपनी विकते ती सुटे भाग जोडून उभी करायची तयार घरं वापरावीत असा विचार रोझेनवाल्ड यांनी मांडला, तो वॉशिंग्टन यांना पटला नाही. गावाने स्वतःच्या हाताने बांधावं, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे तीच पद्धत पडली. गावाने आपला वाटा उभा केला तरच रोझेनवाल्ड यांच्या निधीतून मदत मिळायची. 1932 पर्यंत 15 राज्यांत 4,977 शाळा झाल्या. एकूण खर्च सुमारे 2 कोटी 84 लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड निधीचे 43 लाख, तर कृष्णवर्णीय गावकऱ्यांच्या लोकवर्गणीचे 47 लाख! गोऱ्यांच्या देणग्या 12 लाखांच्या आसपास आणि बाकीचा पैसा सरकारी, म्हणजे करातून आलेला. तो करही हे लोक भरतच होते. काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) शाळा समिती त्यातला मोठा हिस्सा गोऱ्या मुलांच्या शाळांना द्यायची, म्हणून यांना पुन्हा पदरमोड करावी लागे. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड तोडून आणलं, कुणी कापसाचा एखादा तुकडा शाळेच्या नावाने पेरला.

अलाबामातल्या बोलिगीची नोंद मला विसरता येत नाही. बोंडकिडीने कापूस खाल्लेला, गावात पैशाची चणचण. वर्गणीच्या सभेत गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला आणि त्याने मळकी थैली टेबलावर रिकामी केली. त्यात 38 डॉलर होते, त्याची जन्मभराची पुंजी. नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी म्हणून त्याने ती सगळी दिली.

‘1954 नंतर काम संपलं.’

वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1954 चा खरा. पण दहा वर्षांनीही दक्षिणेतली जेमतेम 2 टक्के कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांबरोबर शिकत होती. एकत्रीकरण झालं तेव्हा कुलूप बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्याच शाळांना लागलं आणि त्यांच्या हजारो शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. निकाल न्याय्य होता. त्याची किंमत कुणी मोजली, ते पोस्टमध्ये नाही.

‘पडक्या लाकडी खोल्या.’

यातल्या एखाद्या शाळेच्या आराखड्याकडे नीट पाहा. खेड्यात वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची सलग रांग. इमारत अशी वळवलेली की पूर्व-पश्चिमेचा उजेड आत यावा. बाकं अशी मांडायची की प्रकाश डावीकडून पडेल आणि लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर येणार नाही. दोन वर्गांमधली भिंत बऱ्याच ठिकाणी सरकवता यायची. ती बाजूला केली की गावाच्या सभेला मोठी खोली तयार. सुरुवातीचे आराखडे टस्कीगीत तयार झाले, रॉबर्ट आर. टेलर या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली. निधीची कागदपत्रं आणि फोटो नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात जपलेले आहेत, त्यांचं मोल मोठंच. तरी त्या खिडक्यांपाशी उभं राहून उजेड कुठून येतो ते बघणं वेगळं. स्मारकाच्या पाटीवरच्या चार ओळींत ते कसं मावणार?

‘तो पैसा आजच्या मुलांवर खर्च करा.’

कुठला पैसा? जॉर्जियातल्या कॅसव्हिलजवळची नोबल हिल शाळा घ्या. 1923 ची दोन खोल्यांची ही शाळा 1955 साली बंद पडली. तिथेच शिकलेल्या सुझी व्हीलर यांनी 1980 च्या दशकात ती वाचवायचं मनावर घेतलं आणि दुरुस्तीसाठी पैसा उभा करायला माजी विद्यार्थी पुढे आले. 1989 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. यात कुठल्याही मुलाच्या तोंडचा घास काढलेला नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी वर्गणी काढून शाळा बांधली, त्यांनीच वर्गणी काढून ती राखली.

अशा शाळांपैकी आज साधारण दहातली एक उभी आहे. 2002 मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या अमेरिकी संस्थेने त्यांना सर्वांत धोक्यात असलेल्या 11 वारशांत धरलं आणि जानेवारी 2021 मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या शक्यतेचा अभ्यास करण्याचा कायदा झाला. उद्यान झालं तरी त्यात मोजक्याच शाळा येतील. बाकीच्यांची भिस्त गावावर, चर्चवर आणि माजी विद्यार्थ्यांवर. शेवटच्या वर्गांतली मुलं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. फळा कुठल्या भिंतीवर होता, शेगडी कुठे पेटायची, कोण कुठे बसायचं हे सांगणारी माणसं हयात आहेत तोवरच ही कामं व्हायला हवीत.