वयोगटाचा मामला

मुंबईत मुलांची शाळा सुटणे आणि त्यांचे आईबाप लोकलमधून सुखरूप घरी पोहोचणे या दोन घटनांमध्ये तीन-चार तासांचे भगदाड असते. ते बुजवण्यासाठी मुलुंडच्या आमच्या सोसायटीने सभागृहात संध्याकाळचा वर्ग सुरू केला आणि ‘तुमचे काय, तुम्ही घरूनच काम करता’ एवढ्या एकाच पात्रतेवर मुलांचे गट पाडण्याचे काम माझ्या गळ्यात घातले.

पाच ते सात, आठ ते दहा आणि अकरा ते तेरा असे तीन वयोगट मी केले. त्याला शास्त्राचा आधारही होता. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या पोरांजवळ बसून टिपून ठेवले आहे की, साधारण सात वर्षांपर्यंत मूल चारचौघांत खेळत असले तरी प्रत्यक्षात आपापल्याच नियमांनी खेळते आणि शेवटी सगळेच जिंकतात. (काही माणसे, विशेषतः कार्यकारिणीतली, हा टप्पा कधीच ओलांडत नाहीत, पण त्यांचा वयोगट निराळा.)

यादी लिफ्टशेजारच्या फलकावर लागली आणि त्याच रात्री आमच्या दाराची घंटा वाजू लागली. पहिलीच्या प्रवेशासाठी आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्या आया आधीच शासनावर रुसलेल्या होत्या. तो सगळा राग व्याजासकट माझ्या खाती जमा झाला. “भाऊजी, आमचा सोहम नुसता कागदावर सात वर्षांचा आहे हो, बुद्धीने पाहाल तर दहाचा,” असे सांगून एका वहिनींनी त्याला ॲबॅकससाठी मधल्या गटात मागितले. दुसऱ्या दिवशी त्याच सोहमचे वडील जिन्यात भेटले आणि धावण्याच्या शर्यतीत मात्र त्याला सर्वांत लहान गटातच ठेवा, कारण त्याची हाडे अजून कोवळी आहेत, असे बजावून गेले.

मग सभा भरली. बी विंगमधल्या निवृत्त शिक्षिकांनी सांगितले की, माँटेसोरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुले मुद्दाम एकत्र ठेवतात, म्हणजे धाकटी थोरल्यांचे पाहून शिकतात. त्यावर एका गृहस्थांनी मुंबईतच सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचा दाखला दिला: वय आणि इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला वाचता किती येते ते पाहून गट पाडावेत. सूचना मला मनापासून पटली. परंतु “म्हणजे माझा चौथीतला मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसणार?” असा प्रश्न मागच्या रांगेतून आला आणि सूचना जागच्या जागी बारगळली.

या गदारोळात मुलांना कोणी काही विचारले नाही आणि त्यांनीही कोणाचे काही ऐकले नाही. पाच वर्षांची एक चिमुरडी ताईचा फ्रॉक सोडायलाच तयार नव्हती, म्हणून मोठ्या मुलींनी तिला कॅरमवर पावडर टाकण्याच्या कामी नेमले. तिने ते इतक्या निष्ठेने केले की सोंगट्या दिसेनाशा झाल्या, तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले आणि एकीनेही तक्रार केली नाही. खाली पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या खेळपट्टीवर तेरा वर्षांचा गोलंदाज सहा वर्षांच्या फलंदाजाला हळूच सरपटी चेंडू टाकत होता. त्याचा त्रिफळा उडाला तरी तो बाद नव्हता, कारण तो कच्चा लिंबू होता. या व्यवस्थेला कोणत्याही सभेची मंजुरी लागलेली नव्हती.

हे मी मोठ्या उत्साहाने सेक्रेटरींच्या कानावर घातले. त्यांनाही कल्पना आवडली. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत आता तिसरा विषय असा आहे: ‘कच्चा लिंबू होण्यासाठी किमान व कमाल वय निश्चित करणे. इच्छुक पालकांनी जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत सोबत आणावी.’