पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांसाठी: पेशीच्या दारात काय घडते

दम्याचा पंप एकदा सुरू केला की सुटत नाही, कारण त्यातले औषध पेशींत शिरून साठते, पेशींना त्याची चटक लागते आणि मात्रा वाढवत न्यावी लागते. त्यापेक्षा गोळी सौम्य, अशा आशयाचा मजकूर घरोघरी फोनवर फिरत असतो. तो वाचून पंप कपाटात ठेवून देणारी माणसेही आहेत, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

औषध पेशीत शिरते, हा पहिला दावा. धाप लागल्यावर घ्यायच्या पंपात बहुधा सालब्युटामॉल असते आणि ते आपले काम पेशीच्या बाहेरून करते. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायुपेशींच्या पटलात बीटा-2 नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणारे प्रथिन, असतो. प्रथिनाची ही एकच साखळी पटलातून सात वेळा आरपार गेलेली असते. बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या तिच्या खोबणीत औषधाचा रेणू बसला की पटलातल्या सात वेटोळ्यांपैकी सहाव्याचे आतले टोक इतरांपासून सुमारे 1.4 नॅनोमीटर दूर सरकते. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने 2011 साली ही रचना स्फटिकातून उलगडून दाखवली. या सरकण्याने आतल्या बाजूला जागा होते, तिथे निरोप पुढे नेणारे जी-प्रथिन येऊन बसते, त्याच्याजवळचा जीडीपी हा रेणू गळून त्याजागी जीटीपी हा रेणू येतो आणि त्याचा अल्फा हा घटक सुटून अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) चालना देतो. ते विकर एटीपी या ऊर्जारेणूपासून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवते, त्याने प्रोटीन कायनेज ए हे दुसरे विकर कामाला लागते आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. पहाटे पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसलेल्या माणसाच्या छातीतली शिट्टी काही मिनिटांत ओसरते ती यामुळे. औषध दारातच थांबते. आत जातो तो फक्त निरोप.

साठण्याचा दावा तर या यंत्रणेच्या स्वभावाविरुद्धच आहे. अल्फा घटक आपल्याजवळचा जीटीपी स्वतःच तोडून शांत होतो, सायक्लिक एएमपीला फॉस्फोडायएस्टरेज विकरे मोडून टाकतात आणि औषधाचा परिणाम चार ते सहा तासांत संपतो.

चटकेच्या दाव्यात मात्र सत्याचा एक कण आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रिसेप्टरला सतत चालना मिळत राहिली तर पेशीतली विकरे त्याच्या शेपटीला फॉस्फेट जोडतात, त्यावर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते, जी-प्रथिनाची वाट अडते आणि रिसेप्टर पटलावरून आत ओढला जातो. काही रिसेप्टर परत येतात, काही नष्ट होतात, आणि प्रतिसाद काहीसा मंदावतो. याला चटक म्हणता येणार नाही, कारण इथे पेशी औषध मागत नाही, उलट त्याच्याकडे पाठ फिरवते. पंप वारंवार लागू लागतो त्याचे मुख्य कारण बहुतेकदा श्वासनलिकेच्या आतली सूज वाढणे हे असते, आणि तिच्यावर सालब्युटामॉल उपचार करत नाही. तो उपचार श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड करते. शिवाय ते बीटा-2 रिसेप्टरच्या जनुकाचे काम वाढवते, म्हणजे ज्या शब्दाला लोक सर्वांत जास्त घाबरतात तेच औषध रिसेप्टर टिकवून धरते. म्हणूनच दम्यावरच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना एकट्या सालब्युटामॉलवर न ठेवण्याचे सांगितले आहे. पंप वरचेवर लागत असेल तर तो टाकून देऊ नये. डॉक्टरांना दाखवून सुजेवरचा पंप नियमित घ्यावा.

राहिली ती सौम्य गोळी. पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम असते, तर 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीस पट, आणि ते रक्तातून शरीरभर सगळीकडे फिरते. गोळी घेतल्यावर छाती धडधडते आणि चहाचा कप धरताना बोटे थरथरतात. हृदयात आणि हाताच्या स्नायूंतही तोच बीटा-2 रिसेप्टर असतो.