विली ओ’री : पंचेचाळीस सामन्यांच्या पलीकडे

बर्फावरच्या हॉकीची उत्तर अमेरिकेतील अव्वल स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू विली ओ’री यांच्याविषयी एक मजकूर वारंवार फिरत असतो. ते जेमतेम ४५ सामने खेळले आणि त्यांत चारच गोल केले, कुवत नसल्याने संघाने त्यांना काढले, त्यानंतर ते खेळातून नाहीसे झाले आणि २०१८ साली ‘हॉकी हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे या खेळातील मानकऱ्यांच्या यादीत, त्यांची वर्णी लागली ती निव्वळ रंगामुळे, असा त्याचा आशय.

यातले आकडे खरे आहेत. १८ जानेवारी १९५८ रोजी मॉन्ट्रियलमध्ये ते बॉस्टन ब्रुइन्स या संघाकडून प्रथम उतरले. त्या हंगामात दोन आणि १९६०-६१ मध्ये ४३ सामने त्यांच्या वाट्याला आले. मात्र १९६७ पर्यंत लीगमध्ये सहाच संघ होते, म्हणजे साऱ्या उत्तर अमेरिकेतील खेळाडूंसाठी जागा शे-सव्वाशेच्या आसपास, हे मजकूर लिहिणारा सांगत नाही.

कुवतीचा आरोप करणाऱ्यांनी तर त्यांच्या उजव्या डोळ्याचा विचार करायला हवा. ज्युनियर हॉकी खेळत असताना पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) लागून त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. ओ’री लेफ्ट विंगला, म्हणजे आक्रमणाच्या डाव्या बाजूला खेळत, त्यामुळे मैदानाचा मध्य आणि तिकडून येणारा प्रत्येक पास त्यांच्या आंधळ्या बाजूला असे. पक दिसावा म्हणून त्यांना धावत्या वेगात मान पार उजवीकडे वळवावी लागे, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरचा बचावपटू अंगावर येई. एका डोळ्याने अंध असलेल्याला लीगच्या नियमाप्रमाणे खेळता येत नसल्याने त्यांनी हे लपवून ठेवले. डोळ्याचे बिंग फुटल्यामुळे त्यांना काढले, अशी पुरवणी काही जण जोडतात, तीही चुकीची आहे, कारण बॉस्टनला त्याचा पत्ताच लागला नाही. उलट १९६१ च्या हंगामानंतर ‘पुढच्या वर्षी या’ असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले आणि काही आठवड्यांतच त्यांचे हक्क मॉन्ट्रियलच्या संघाला देऊन टाकण्यात आले. या व्यवहारामागे केवळ वर्णद्वेष होता, असे मी म्हणणार नाही. पण दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, लीगमध्ये यायला १९७४ साल उजाडावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

‘नाहीसे झाले’ हे विधान सर्वांत पोकळ आहे. पुढे ते खेळले त्या लॉस एंजेलिस ब्लेड्स संघाच्या प्रशिक्षकांनी त्यांना राइट विंगला, म्हणजे उजव्या बाजूला हलवले आणि खेळ त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर आला. वेस्टर्न हॉकी लीग या दुय्यम व्यावसायिक लीगमध्ये त्यांनी चार हंगामांत तीस किंवा त्याहून अधिक गोल केले. १९६४-६५ मध्ये ३८, आणि पुढे सॅन दिएगो गल्सकडून १९६८-६९ मध्ये पुन्हा ३८. व्यावसायिक हॉकी त्यांनी सोडली ती १९७९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

राहिला हॉल ऑफ फेमचा मुद्दा. तिथे त्यांची निवड खेळाडू म्हणून झालेलीच नाही, तर ‘बिल्डर’ म्हणजे खेळाची उभारणी करणाऱ्यांच्या गटात झाली आहे, त्यामुळे चार गोलांचा हिशेब तिथे गैरलागू ठरतो. निवृत्तीनंतर एका हॉटेलात सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे ओ’री १९९८ पासून नॅशनल हॉकी लीगचे दूत म्हणून गावोगावच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानांवर), ज्यांच्या घरी स्केट्स घेण्याची ऐपत नाही अशा मुलांपर्यंत हा खेळ नेत राहिले. निवड समितीसमोर हे काम होते. त्यांच्या गोलसंख्येवर बोट ठेवणाऱ्यांनी या कामाविषयी अजून एकही आक्षेप मांडलेला माझ्या वाचनात नाही.