स्मृतिपेशींची विसराळू मालकीण

बी. फार्म.च्या सहाव्या सत्रात बायोटेक्नॉलॉजी येते आणि तिचे बोट धरून इम्युनॉलॉजीही, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रही, येते, हे प्रवेश घेताना मला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे औषधशास्त्र म्हणजे गोळ्या, मलमे आणि फार तर थोडे रसायनशास्त्र, या समजुतीत मी अडीच वर्षे सुखाने काढली.

आता वाचनाला वेळ मिळावा म्हणून मी डोंबिवलीहून मुद्दाम धीमी लोकल पकडते आणि चौथ्या सीटवर अर्धवट टेकून इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचे, पाच प्रकार घोकते. रक्तात सर्वाधिक असतो तो जी, लाळेत आणि अश्रूंत सापडतो तो ए, पाच जण हात धरून नव्या जंतूवर सर्वांआधी धावून जातात तो एम, आणि ॲलर्जीचा खोडसाळपणा करतो तो ई. राहिला डी, तो मुख्यतः बी पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर बसून असतो, म्हणजे माझ्यासारखाच, चौथ्या सीटवर. ठाण्यापर्यंत हे सारे मुखोद्गत असते. घाटकोपरला गर्दी आत घुसते आणि एम व ई यांची जागा बदलते.

हायब्रिडोमा ही संकरित पेशी मात्र आईमुळे समजली. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंडे बनवणारी, पण अल्पायुषी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचा संयोग घडवला, असे मी मोठ्याने वाचत होते. भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "म्हणजे मुलगी गुणी, पण तब्येतीने नाजूक, मुलगा धडधाकट, पण कमावत नाही. जमवलं असेल कुणी मध्यस्थाने." पाठ्यपुस्तकाच्या चार पानांत हे इतके स्वच्छ लिहिलेले नाही.

खरा अपमान केला तो एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींनी. लहानपणी टोचलेली गोवराची लस त्यांना इतक्या वर्षांनंतरही आठवते, आणि त्याच पेशींच्या मालकिणीला सकाळचे पान संध्याकाळी आठवत नाही. मी उतरते त्या परळला लस-संशोधनासाठी ओळखली जाणारी हाफकिन संस्था आहे. ज्यांचे नाव तिला मिळाले, त्या हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी त्या दिशेने मनोभावे नमस्कार करते; धैर्य संसर्गजन्य असावे, एवढीच अपेक्षा.

परवाच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी कपाटातला जुना ग्रंथ टेबलावर आपटला, धुळीचा लोट उठला आणि मला लागोपाठ सात शिंका आल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छान. आता सांग, या क्षणी तुझ्या शरीरात कोणते इम्युनोग्लोब्युलिन कामाला लागले आहे?"

रुमालाआडून मी ठामपणे सांगितले, "एम."

त्यावर माझ्या ई ने आठव्या शिंकेद्वारे जाहीर निषेध नोंदवला.