‘करण्यात आले’ म्हणजे कुणी केलं?

माझ्या भाचीने तिचा रेझ्युमे मला वाचायला पाठवला. दोन वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये राबलेली मुलगी, आणि त्या दोन वर्षांसाठी एकच ओळ : ‘ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण करण्याची जबाबदारी.’

तिच्या मित्रमैत्रिणींत यावरून दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, अनुभव फुगवल्याशिवाय आणि जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे पेरल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नाही. दुसरे म्हणतात, काम बोलतं. आपली टिमकी आपण कशाला वाजवायची? मी ब्रिटनमध्ये राहते. इथून पाहताना मला वाटतं, दोन्ही बाजूंचं एकाच ठिकाणी चुकतंय. नेमकं काय केलं, ते कुणीच सांगत नाही.

हे मला ठेच लागल्यावरच कळलं. इथल्या सरकारी नोकरीच्या अर्जात एकेका कौशल्यासाठी, समजा ‘निर्णय घेणं’, स्वतःच्या कामातलं एक उदाहरण लिहायचं असतं, बहुतेक वेळा २५० शब्दांत. त्याला १ ते ७ गुण देतात. तपासणाऱ्यासमोर अनेकदा तुमचं नावही नसतं, असतात फक्त ते शब्द. माझ्या पहिल्या उदाहरणाला २ मिळाले. पुन्हा वाचलं तेव्हा कारण दिसलं : सगळीकडे ‘आम्ही’, आणि जिथे ‘आम्ही’ नाही तिथे ‘करण्यात आले’. कार्यालयीन मराठीत मुरलेलं हे रूप आपण इंग्रजीत लिहितानाही सोबत नेतो. काम झाल्याचं ते सांगतं, करणारा मात्र गायब. इथे परिस्थिती, तुमच्यावर आलेलं काम, तुम्ही केलेली कृती आणि निष्पन्न काय झालं, असा क्रम सुचवतात. या चार टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्टार’ म्हणतात. त्यातही सगळ्यात जास्त जागा कृतीला द्यायची.

भाचीला फोन लावला. “तक्रारींचं तू काय करायचीस?”

“उत्तरं द्यायचे गं मावशी, सगळेच देतात.”

“एखादी गोष्ट तुझ्यामुळे बदलली?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “पैसे दोनदा कापले गेल्याच्या तक्रारी फार यायच्या. मी तीन महिन्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये मांडल्या. पेमेंट अडकलं की लोक बटण पुन्हा दाबायचे. मी ते टीम लीडना दाखवलं. मग एकदा दाबल्यावर बटण बंद होईल असं केलं गेलं, आणि त्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.”

एवढं मोठं काम, आणि रेझ्युमेत त्याचा मागमूस नाही! यात फुगवायचं काय आहे? उलट असं तपशिलात सांगितलं की खोट्याला जागाच उरत नाही. इंटरव्ह्यूत ‘नोंदी कशा लावल्यास’ एवढं विचारलं तरी ज्याने केलं त्यालाच उत्तर देता येतं.

इथलं सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. हाताने उत्तम काम करणारी पण शब्दांत अडखळणारी माणसं या अर्जांत मागे पडतात, आणि तो अन्याय मला बोचतो. शिवाय श्रेय वाटून घ्यायची आपली सवय मला आजही मोलाची वाटते. भाचीलाही तीच टोचणी होती. “बटणाचा बदल तर डेव्हलपर दादाने केला. त्याने हे वाचलं तर?”

मग आम्ही फोनवरच वाक्य जुळवलं : ‘तीन महिन्यांच्या तक्रारींच्या नोंदी मांडून दुहेरी पेमेंटचं कारण मी शोधलं आणि टीम लीडना पटवलं, तांत्रिक बदल सहकाऱ्याने केला.’ तक्रारी किती टक्क्यांनी घटल्या ते तिने मोजलं नव्हतं, म्हणून आकडा घातला नाही. तिने ते वाक्य आधी त्या दादालाच पाठवलं.